गिट, सबव्हर्जन आणि मर्क्युरियलमध्ये पॅच फायली फिरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात अलकापुरीतल्या तुमच्या छोट्या गटाचं वजनकाट्याच्या पावत्या छापणारं सॉफ्टवेअर आहे. गटाचं काम गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये चालतं; सबव्हर्जन आणि मर्क्युरियल ही तशीच दुसरी टूल्स. मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्याचा आयटी विभाग तोच कोड विंडोजवर, सबव्हर्जनमध्ये ठेवतो. छपाईचा भाग लिहिणारा पुण्याचा सहकारी मर्क्युरियल वापरतो. तिघं एकमेकांना मेलने पॅच, म्हणजे कोडमधला बदल लिहिलेल्या फायली, पाठवतात आणि ते वारंवार अडतात. कधी फाइल सापडत नाही, कधी हंक (पॅचमधला एका जागच्या बदलाचा तुकडा) नाकारला जातो, तर कधी पॅच लागल्याचं दिसतं पण नवी फाइल आलेलीच नसते. सगळ्यांसाठी एकच स्वरूप कसं ठरवावं, आणि ठरेपर्यंत हातात आलेले पॅच कसे लावावेत?

खाली आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, टंकताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं वापरा.

आधी निर्णय सांगतो. गिटचं विस्तारित डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक लिहिण्याचं) स्वरूप तिघांनीही देवाणघेवाणीचं स्वरूप म्हणून ठरवून घ्या. हे ठरवायला कुणालाही आपलं टूल सोडावं लागत नाही. गिट ते मुळातच काढतं. मर्क्युरियलमध्ये ‘एचजी डिफ --गिट’ किंवा ‘एचजी एक्सपोर्ट --गिट’ म्हणायचं, किंवा पुण्याच्या सहकाऱ्याने सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिफ’ विभागात ‘गिट = ट्रू’ एवढं एकदा लिहून ठेवायचं. सबव्हर्जनमध्ये १.७ पासून, म्हणजे २०११ पासून, ‘एसव्हीएन डिफ --गिट’ आहे आणि पॅच लावायला ‘एसव्हीएन पॅच’ ही स्वतंत्र आज्ञाही त्याच आवृत्तीत आली. ग्नू पॅच, म्हणजे पॅच लावणारा स्वतंत्र प्रोग्राम, २.७ पासून गिटची नाव बदलल्याची, कॉपीची आणि फाइलच्या परवानग्यांची हेडरं (बदलाआधीच्या माहितीच्या ओळी) वाचतो, फक्त बायनरी भाग त्याला लावता येत नाही. कारखान्यात सबव्हर्जन १.६ किंवा त्याहून जुनं असेल तर पहिलं काम ते बदलण्याचं.

स्वरूप ठरलं तरी अडचणी संपत नाहीत, कारण बहुतेक पॅच स्वरूपाच्या नावामुळे अडत नाहीत. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्राम लिहिला आणि १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी युनिफाइड डिफ आणला. त्यानंतर आजवर गाभा तोच राहिला आहे: जुन्या फाइलचं नाव --- नंतर, नव्याचं +++ नंतर, मग @@ -१२,७ +१२,८ @@ अशी हंकची ओळ, आणि तिच्याखाली रिकामी जागा, वजा किंवा अधिक या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी. हा गाभा सगळी टूल्स सारखाच वाचतात. प्रत्येक टूलने स्वतःचं जे घातलं ते या गाभ्याच्या वर, खाली आणि मार्गांच्या आधी घातलं आहे, आणि पॅच अडतो तो तिथेच. म्हणून पॅच लावण्याआधी फाइल उघडून पहिल्या दहा ओळी वाचायची सवय तिघांनीही लावून घ्या. कुठल्या टूलचा पॅच आहे, मुळापासून की फोल्डरपासून काढला आहे, कुठल्या रिव्हिजनवर (आवृत्तीच्या क्रमांकावर) काढला आहे, यातलं बरंचसं तिथे लिहिलेलं असतं.

सबव्हर्जनचा साधा पॅच साधारण असा दिसतो:

इंडेक्स: काटा/छपाई.सी
=====================
--- काटा/छपाई.सी   (रिव्हिजन ४१२)
+++ काटा/छपाई.सी   (वर्किंग कॉपी)

आणि गिटचा असा:

डिफ --गिट ए/काटा/छपाई.सी बी/काटा/छपाई.सी
इंडेक्स ३डी१एफ..८सी०२ १००६४४
--- ए/काटा/छपाई.सी
+++ बी/काटा/छपाई.सी

‘इंडेक्स’ हा शब्द दोन्हींत आहे, पण अर्थ वेगळा. सबव्हर्जनमध्ये त्यापुढे फाइलचं नाव असतं. गिटमध्ये त्यापुढे जुन्या आणि नव्या मजकुराच्या हॅशचा (मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकाचा) सुरुवातीचा भाग आणि फाइलचा मोड, म्हणजे परवानग्यांचा आकडा, असतो. हा हॅश पुढे फार कामाला येतो, त्याबद्दल नंतर.

मार्गातले ‘ए’ आणि ‘बी’

तुमच्या ‘फाइल सापडत नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच. गिट आणि मर्क्युरियल मार्गाआधी ‘ए/’ आणि ‘बी/’ लावतात, सबव्हर्जनचा साधा डिफ काहीच लावत नाही. ‘-पी’ या पर्यायापुढचा आकडा मार्गातले सुरुवातीचे किती तुकडे कापायचे ते सांगतो. गिट आणि मर्क्युरियलच्या पॅचला -पी१ लागतो, सबव्हर्जनच्या साध्या पॅचला -पी०. ‘गिट अप्लाय’ आणि ‘एचजी इंपोर्ट’ काही न सांगता -पी१ धरतात, म्हणून कारखान्याचा साधा पॅच गिटमध्ये लावताना ‘गिट अप्लाय -पी०’ लिहावंच लागतं. उलट दिशेने, ‘एसव्हीएन पॅच’ला साधा पॅच ए/ बी/ सकट मिळाला तर ‘--स्ट्रिप १’ द्या.

चुकीचा आकडा दिला की नेहमी त्रुटीच येते असं नाही, आणि खरा धोका तिथे आहे. ‘काटा/छपाई.सी’मधला पहिला तुकडा चुकून कापला गेला तर उरतं ‘छपाई.सी’. त्याच नावाची फाइल मुळातही असेल आणि आसपासच्या ओळी जुळल्या तर पॅच भलत्याच फाइलला लागतो आणि टूल यशाचा संदेश देतं. मेकफाइल किंवा प्रत्येक फोल्डरात एकेक असणाऱ्या सेटिंगच्या फायली यात हमखास सापडतात.

‘एसव्हीएन डिफ --गिट’ वापरताना आणखी एक गोष्ट बघा. त्यातला मार्ग रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) मुळापासूनचा असू शकतो, म्हणजे ‘ए/ट्रंक/काटा/छपाई.सी’. तुमच्या गिटमध्ये ‘ट्रंक’ फोल्डर नाही, तेव्हा तिथे -पी२ लागेल. उलट तुमचा कोड कारखान्याच्या मोठ्या झाडात एका उपफोल्डरात बसत असेल, तर तुमच्या बाजूने ‘गिट अप्लाय --डिरेक्टरी=’ आणि त्यांच्या बाजूने ‘एसव्हीएन पॅच’ आज्ञेत पॅचच्या नावानंतर फोल्डरचं नाव, हा सरळ मार्ग. पॅच काढतानाच मार्ग आखूड करायचा असेल तर गिटमध्ये ‘--रिलेटिव्ह’ आहे.

तुमच्या गटात कुणी गिटमध्ये ‘डिफ.नोप्रीफिक्स’ चालू ठेवलं आहे का तेही विचारा. वाचायला बरं वाटतं म्हणून लोक ते चालू करतात आणि मग त्यांचा पॅच दिसतो गिटचा पण लागतो -पी० ने. ‘डिफ.निमॉनिकप्रीफिक्स’ चालू असेल तर ए आणि बी ऐवजी आय, डब्ल्यू, सी अशी अक्षरं येतात. कापायचा तुकडा तेव्हाही एकच असतो, त्यामुळे -पी१ चालतं.

एक जागा अशी आहे की जिथे जाणकारही फसतात. गिट रेपोच्या उपफोल्डरात उभं राहून ‘गिट अप्लाय’ चालवलं, तर त्या फोल्डरच्या बाहेरचे मार्ग ते गुपचूप सोडून देतं. त्रुटी येत नाही, पॅच लागल्यासारखा वाटतो, आणि फायली जशाच्या तशा राहतात. रेपोच्या मुळाशी जाऊनच पॅच लावा आणि आधी ‘गिट अप्लाय --स्टॅट’ने किती फायली धरल्या आहेत ते पाहून घ्या.

ओळींचा शेवट

विंडोजवर ओळ सीआर आणि एलएफ या दोन बाइटांनी संपते, लिनक्सवर एकट्या एलएफने. सबव्हर्जनमध्ये ‘एसव्हीएन:इओएल-स्टाइल’ ही प्रॉपर्टी ‘नेटिव्ह’ असेल तर कारखान्यातल्या वर्किंग कॉपीत (काम करायच्या प्रतीत) सीआर असतो आणि तुमच्या गिटमध्ये नसतो. मग संदर्भाच्या तीन ओळी डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात, पण प्रत्येकीच्या शेवटी एक बाइट जास्त, आणि अख्खा हंक नाकारला जातो. पॅचमधला प्रत्येक हंक एकजात नाकारला जात असेल तर कोड बदलला असेल ही शंका बाजूला ठेवा आणि आधी ओळींचे शेवट तपासा. ‘फाइल’ ही आज्ञा पॅचवर आणि मूळ फाइलवर चालवली की लगेच कळतं.

तात्पुरता उपाय: ‘गिट अप्लाय --इग्नोर-व्हाइटस्पेस’. हा संदर्भाच्या ओळींतला जागांचा आणि ओळीच्या शेवटाचा फरक माफ करतो. मात्र पॅचमधल्या नव्या ओळी सीआरसकट आत येतील, तेव्हा नंतर ‘गिट डिफ’ बघूनच कमिट करा (बदल इतिहासात नोंदवा). ग्नू पॅचला फाइलच्या हेडरातच सीआर दिसला तर तो सगळ्या पॅचमधले सीआर काढतो आणि तसं कळवतो. ते नको असेल तर ‘--बायनरी’ द्या. ‘गिट एएम’ मेलमधून आलेल्या पॅचचे सीआर आपणहून काढून टाकतं. मूळ फाइल खरोखर सीआरवालीच असेल, उदाहरणार्थ विंडोजची बॅच फाइल, तर ‘--कीप-सीआर’ लागतं.

कायमचा उपाय: गिटच्या बाजूला ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये कोणत्या फायली मजकुराच्या आणि कोणाचा शेवट कसा हे लिहून कमिट करा. प्रत्येकाच्या संगणकावरच्या ‘ऑटोसीआरएलएफ’वर भिस्त ठेवू नका, ते सेटिंग माणसागणिक बदलतं.

मराठी आणि गुजराती मजकूर

तुमच्या पावत्यांचे साचे दोन भाषांत आहेत, आणि काही फायलींची नावंही देवनागरीत दिसतात. इथल्या अडचणी इंग्रजी पुस्तिकांत सहसा मिळत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण पॉवरशेलची. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये ‘गिट डिफ’चा निकाल ‘>’ या चिन्हाने फाइलकडे वळवला, तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. नोटपॅडमध्ये ती नीट दिसते. गिट मात्र तिला पॅच मानतच नाही आणि आत वैध पॅच नाही असं सांगतं. अशी फाइल ‘आयकॉन्व्ह’ने यूटीएफ-८ केली की इंग्रजी कोडचे हंक लागू लागतात, आणि इथेच माणूस फसतो. पॉवरशेलने गिटचे बाइट आधी कन्सोलच्या कोडपेजने (अक्षरांच्या जुन्या संकेत-तक्त्याने) वाचलेले असतात, त्यामुळे मराठी आणि गुजराती ओळी तेव्हाच बिघडलेल्या असतात. तशी फाइल दुरुस्त करत बसू नका, पॅच पुन्हा मागवा. काढताना ‘गिट डिफ --आउटपुट=’ वापरलं किंवा साध्या सीएमडीत आज्ञा चालवली की प्रश्नच येत नाही. सबव्हर्जनच्या आज्ञेलाही पॉवरशेलमध्ये हाच त्रास होतो, तेव्हा कारखान्यातल्या मंडळींना सीएमडी वापरायला सांगा, किंवा टॉर्टॉइजएसव्हीएनच्या मेनूतून पॅच काढायला सांगा.

दुसरी अडचण नावांची. गिट आपणहून देवनागरी फाइलनाव अवतरणात घालून बाइटांचे अष्टमान आकडे लिहितं. ‘पावती’ या नावाची सुरुवात \३४०\२४४\२५२ अशी दिसते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ओळखायची सोपी खूण: तीनच्या गटातला मधला आकडा २४४ किंवा २४५ असेल तर देवनागरी, २५२ किंवा २५३ असेल तर गुजराती. दुसऱ्या टोकाच्या टूलला ही अवतरणातली नावं उलगडता येतीलच असं नाही, म्हणून पॅच काढण्याआधी ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करा. सबव्हर्जन विंडोजवर हेडरमधलं नाव यंत्रणेच्या कोडपेजमधून लिहितं, मजकुराचे बाइट मात्र तसेच ठेवतं. त्यामुळे तिथून आलेल्या पॅचमध्ये आतला मराठी मजकूर शाबूत आणि फाइलचं नाव बिघडलेलं, असं चित्र दिसू शकतं. तेव्हा पॅच एखाद्या साध्या संपादकात उघडून --- आणि +++ या दोन ओळींतली नावं हाताने सुधारा, हंकना हात लावू नका. माझं स्पष्ट मत असं की तीन टूल्समधून फिरणाऱ्या झाडात फायलींची नावं रोमनच ठेवावीत आणि मराठी-गुजराती आतल्या मजकुरात असावी.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, नुक्त्यासह असलेला ऱ हे एकच चिन्ह आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, वेगळा नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. एका टोकाचा संपादक किंवा कीबोर्ड पहिला प्रकार लिहितो, दुसऱ्या टोकाचा तिसरा, आणि साच्याच्या फाइलला पॅच लागत नाही. ‘दोन्हीकडची ओळ सारखीच आहे, तरी जुळत नाही’ अशी तक्रार आली की त्या ओळीचा ‘हेक्स डंप’ काढून बाइट मोजा. पहिला प्रकार सहा बाइटांचा, दुसरा आणि तिसरा नऊ बाइटांचा. एकच प्रकार ठरवा, सगळे साचे एकदाच त्या प्रकारात आणा, आणि तो बदल स्वतंत्र कमिट म्हणून तिन्हीकडे पाठवा. दुसऱ्या बदलात तो मिसळू नका, नाहीतर पुढचे सहा महिने कुणालाही तो डिफ वाचता येणार नाही.

पॅचमध्ये न मावणाऱ्या गोष्टी

‘पॅच लागला पण फाइल आली नाही’ याचं उत्तर इथे आहे. युनिफाइड डिफ ओळींचा फरक सांगतो. ज्या बदलात ओळच नाही, तो त्याला सांगता येत नाही. रिकामी फाइल तयार करणं, फाइल चालवण्याजोगी करणं, नाव बदलणं, चित्राची फाइल बदलणं, हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. गिटच्या विस्तारात यासाठी जादा हेडरं आहेत: ‘न्यू फाइल मोड’, ‘ओल्ड मोड’, ‘रिनेम फ्रॉम’, ‘रिनेम टू’. मर्क्युरियलचा साधा डिफ, म्हणजे --गिट न दिलेला, हे सगळं गाळतो. पुण्याहून आलेल्या पॅचमध्ये नवी रिकामी फाइल नसणं यामुळेच.

समोर जुना ‘पॅच’ असेल आणि नावबदलाची हेडरं कळत नसतील, तर काढतानाच ‘गिट डिफ --नो-रिनेम्स’ द्या. मग नावबदल हा पूर्ण जुनी फाइल काढणं आणि पूर्ण नवी घालणं असा लिहिला जातो. पॅच लांबतो, पण कुठेही लागतो. सबव्हर्जनच्या बाजूला याच अर्थाचा ‘--शो-कॉपीज-अ‍ॅज-अ‍ॅड्स’ आहे. तो न देता काढलेल्या साध्या पॅचमध्ये कॉपी केलेल्या फाइलचा पूर्ण मजकूर येत नाही, फक्त कॉपीनंतरचा फरक येतो, आणि दुसऱ्या टोकाला तो लावायला फाइलच नसते.

सबव्हर्जनच्या प्रॉपर्टी पॅचच्या तळाशी येतात. १.७ पासून त्यांच्या ओळी ## ने सुरू होतात. ‘एसव्हीएन पॅच’ त्या लावतं, बाकीची टूल्स त्या ओलांडून पुढे जातात. म्हणून कारखान्याने ‘एसव्हीएन:एक्झिक्युटेबल’ लावलं असेल तर तुमच्याकडे ‘चमोड’ (परवानगी बदलण्याची आज्ञा) हाताने करावं लागतं, आणि तुमचा ‘न्यू मोड १००७५५’ तिकडे पोचला का ते विचारून घ्यावं लागतं.

बायनरी फायलींसाठी गिटमध्ये ‘गिट डिफ --बायनरी’ आहे. तो मजकूर ८५ चिन्हांच्या संकेतात लिहितो आणि गिट ते गिट, किंवा गिट ते मर्क्युरियल सुखरूप जातो. एका टोकाला सबव्हर्जन किंवा ग्नू पॅच असेल तर पावतीवरचं बोधचिन्ह, फाँट वगैरे झिपमध्ये वेगळे पाठवा आणि मेलमध्ये प्रत्येकाचा शा-२५६ बेरीजअंक (फाइल तीच आहे हे पडताळायचा अंक) लिहा.

फाइल काढून टाकण्यातही एक खाच आहे. ग्नू पॅच हेडरमधला ‘/डेव्ह/नल’ किंवा १९७० ची तारीख बघून फाइल काढायची आहे हे ओळखतो. सबव्हर्जनच्या साध्या हेडरात दोन्ही नसतात, त्यामुळे शून्य बाइटांची फाइल मागे राहते. ‘-ई’, मोठ्या लिपीतला, हा पर्याय दिला की रिकाम्या झालेल्या फायली काढल्या जातात.

लावण्याचा क्रम, आणि हंक नाकारला गेला तर

आधी कोरडी चाचणी: ‘गिट अप्लाय --चेक’, ‘एसव्हीएन पॅच --ड्राय-रन’, ‘पॅच --ड्राय-रन’. चाचणीआधी वर्किंग कॉपी स्वच्छ हवी, हे सांगायला नकोच.

टूल्सच्या स्वभावातला फरक लक्षात ठेवा. ‘गिट अप्लाय’ एक हंक अडला तरी काहीच लावत नाही. ‘पॅच’ जेवढं लागेल तेवढं लावतो आणि उरलेलं ‘.रेज’ फाइलमध्ये टाकतो, शिवाय ‘.ओरिग’ फायली मागे ठेवू शकतो. त्या चुकून कमिट होतात, म्हणून दुर्लक्षाच्या यादीत आधीच घाला. गिटकडून तसंच हवं असेल तर ‘--रिजेक्ट’ द्यावं लागतं. ‘एसव्हीएन पॅच’ नव्या आणि काढलेल्या फायलींची नोंद आपणच करतं. साध्या ‘पॅच’ने लावलंत तर ‘एसव्हीएन अ‍ॅड’ हाताने करावं लागतं, आणि कारखान्यात फायली कमिट व्हायच्या राहतात त्या इथेच.

‘पॅच’ ओळी थोड्या सरकल्या असल्या तरी जागा शोधतो, आणि संदर्भाच्या दोन ओळींपर्यंत तफावतही आपणहून सोसतो. याला तो ‘फझ’ म्हणतो. छपाईच्या कोडमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दहा-दहा ओळी एकाखाली एक असतात. तिथे फझने हंक शेजारच्या फंक्शनमध्ये जाऊन बसतो, कोड संकलितही होतो, आणि ढोबळ वजनाच्या जागी निव्वळ वजन छापलं जातं. म्हणून संदेशात ‘फझ’ शब्द दिसला की तो हंक डोळ्यांनी तपासा, किंवा आधीच ‘--फझ=०’ द्या. ‘ऑफसेट’ एवढाच शब्द असेल तर धोका पुष्कळ कमी, पण एकसारख्या ओळींच्या फाइलमध्ये तोही बघा. ‘उलटा किंवा आधीच लावलेला पॅच’ असं विचारलं तर घाईने हो म्हणू नका. हो म्हटलं की लावलेला बदल निघून जातो.

हंक खरोखर नाकारला गेला असेल तर आता तो हॅश कामाला येतो. पॅच गिटचा असेल आणि त्यातले मूळ मजकूर तुमच्या रेपोत असतील, तर ‘गिट अप्लाय --३वे’ मूळ, त्यांचं आणि तुमचं असं तिहेरी विलीनीकरण करतं आणि संघर्षाच्या खुणा फाइलमध्ये देतं. हे ‘.रेज’ फाइल हाताने जुळवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पाठवणाऱ्याने ‘--फुल-इंडेक्स’ दिलं तर हॅश पूर्ण येतो आणि संदिग्धता राहत नाही.

कारखान्याच्या साध्या पॅचमध्ये हा हॅश नसतो. तिथे दुसरी वाट घ्या. हेडरमध्ये ‘रिव्हिजन ४१२’ लिहिलेलं आहे. तुमच्या गिटमध्ये त्या रिव्हिजनशी जुळणाऱ्या कमिटवर एक शाखा काढा. पॅच तिथे लावा, तिथे तो विनातक्रार लागायला हवा. कमिट करा, आणि मग ती शाखा मुख्य शाखेत मर्ज करा. संघर्ष उरलाच तर तो मर्जच्या सगळ्या साधनांसह समोर येतो. यासाठी कोणती रिव्हिजन कोणत्या कमिटशी जुळते हे माहीत हवं, तेव्हा दर वेळी जुळणी झाली की गिटमध्ये ‘एसव्हीएन-४१२’ असा टॅग मारायची शिस्त आजपासून लावा.

पॅच हाताने दुरुस्त करताना @@ मधल्या ओळींच्या संख्या बिघडतात आणि पॅच ‘करप्ट’ असल्याचा संदेश येतो. ‘गिट अप्लाय --रीकाउंट’ त्या संख्या सोडून प्रत्यक्ष ओळी मोजतो. ‘फाइलच्या शेवटी नवी ओळ नाही’ अशा अर्थाची उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणारी ओळ कचरा समजून पुसू नका, तीही पॅचचाच भाग आहे. आणि @@@ अशी तीन चिन्हं दिसली तर तो गिटच्या मर्जचा एकत्रित डिफ आहे. तो वाचण्यासाठी असतो, लागत नाही. पाठवणाऱ्याकडून एका पालकाशी तुलना करून नवा डिफ मागवा.

लेखक, तारीख, संदेश

‘गिट डिफ’मध्ये यातलं काही नसतं. गिट ते गिट पाठवताना ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने काढा आणि ‘गिट एएम’ने लावा. फाइलच्या पहिल्या ओळीत १७ सप्टेंबर २००१ ही तारीख दिसेल. ती प्रत्येक पॅचमध्ये तीच असते, केवळ ओळखीची खूण म्हणून. कारखान्यातून ‘इतका जुना पॅच का पाठवला’ असं विचारलं तर हे सांगा, खरी तारीख खालच्या ‘डेट’ ओळीत आहे.

‘एचजी एक्सपोर्ट’चं हेडर # ने सुरू होतं आणि ‘गिट एएम’ ते वाचतं. ओळखलं नाही तर ‘--पॅच-फॉरमॅट=एचजी’ द्या. मर्क्युरियल वेळेचा फरक सेकंदांत आणि ग्रिनिचच्या पश्चिमेला धन धरून लिहितं, त्यामुळे भारतीय वेळ तिथे -१९८०० अशी दिसते, तर गिटमध्ये +०५३०. स्क्रिप्ट लिहून रूपांतर करणारे इथे चिन्ह चुकतात आणि कमिटची दाखवलेली वेळ ११ तासांनी सरकते.

सबव्हर्जनच्या डिफमध्ये संदेश नसतोच. तो पॅच फाइलच्या अगदी वर साध्या मजकुरात लिहा. पहिल्या हेडरआधीचा मजकूर टूल्स ओलांडतात. फक्त त्यात --- किंवा ‘इंडेक्स:’ने सुरू होणारी ओळ नको. पॅच मेलच्या मजकुरात चिकटवू नका, जोडपत्र म्हणूनच पाठवा. मेलचे प्रोग्राम लांब ओळी मोडतात आणि टॅबच्या जागा करतात.

बाकीच्या टूल्सबद्दल दोन शब्द पुरे. बाझारचा डिफ -पी० ने लागतो. परफोर्सच्या ‘पी४ डिस्क्राइब -डीयू’मध्ये --- आणि +++ ओळीच नसतात, ==== ने सुरू होणारी डेपोच्या मार्गाची ओळ असते, तेव्हा प्रत्येक फाइलसाठी त्या दोन ओळी घालाव्या लागतात. डार्क्सचा पॅच पूर्ण वेगळ्या बांधणीचा आहे, तिथून युनिफाइड डिफ काढूनच मागवा. आणि विंडोजवर जुना ३२ बिटचा ‘पॅच.एक्झी’ चालवताना प्रशासकाची परवानगी मागितली तर घाबरू नका: नावात ‘पॅच’ असलेल्या फाइलला विंडोज इन्स्टॉलर समजतं. गिट फॉर विंडोजसोबत येणारा ‘पॅच’ गिट बॅशमधून वापरा.

पॅच लागल्यावर एक तपासणी दर वेळी करा. तिन्ही टोकांच्या स्वच्छ प्रती एका जागी काढा आणि ‘डिफ -आरक्यू’ला ‘.गिट’, ‘.एसव्हीएन’ आणि ‘.एचजी’ हे फोल्डर वगळायला सांगून झाडं ताडून पाहा. ओळींचे शेवट वेगळे असतील तर ‘--स्ट्रिप-ट्रेलिंग-सीआर’ जोडा. उरलेली प्रत्येक ओळ म्हणजे कुठेतरी राहिलेला बदल आहे, आणि दोन-तीनच ओळी उरल्या असताना तो शोधायला पाच मिनिटं लागतात.